खुर्चीवाल्याचा उभा नवस

घ्या, चहा घ्या, बशीत ओतून निवांत घ्या. आज मी बसून सांगणार आहे, कारण हा किस्सा उभ्यानं सांगायची ताकद माझ्यात उरलेली नाही. अशी फजिती वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. म्हणजे एखाद्या वैऱ्याच्या आली तर माझी हरकत नाही, पण माझ्या कशाला?

नेकनूरच्या अलीकडं आमचं गाव. माझा धंदा मंडपाचा. लग्न असो, बारसं असो, तेरावं असो नाहीतर पुढाऱ्याचं भाषण, या पंचक्रोशीत जो कोणी बूड टेकतो तो माझ्याच खुर्चीवर. लाल खुर्च्या, पांढऱ्या खुर्च्या, नवरा-नवरीच्या त्या सोनेरी राजाराणी खुर्च्या. अख्ख्या मुलखाला मी बसवलं. आणि देवाची करणी बघा, मूळव्याध झाली कुणाला? मला!

हसा, हसा. तुम्हाला अजून झाली नाही म्हणून हसताय.

दुखणं वाईट होतंच, पण त्याहून वाईट माझं तोंड. आमच्या गावात रमेश टेलर आहे. मागं त्याचं हेच ऑपरेशन झालं, तेव्हा बिचारा काही दिवस बगलेत छोटी गादी घेऊन हिंडायचा. बसायचं झालं की गादी खाली, उठायचं झालं की गादी बगलेत. मी एकदा हॉटेलवर चारचौघांत त्याला हाक मारली, "या, गादीपती, या!" झालं! त्या दिवसापासून त्याची बायको सोडून सगळं गाव त्याला गादीपती म्हणतं. दुखणं कधीच बरं झालं, नाव काही बरं होईना.

मग सांगा, माझ्यावर तीच पाळी आल्यावर मी गावात तोंड उघडीन का? "नव्या खुर्च्या बघून येतो," असं सांगून बायकोला घेऊन बीडला गेलो, ऑपरेशन करून घेतलं आणि बदकासारखा चालत परत आलो. लोकांनी विचारलं, "खुर्च्या कुठं हायत?" म्हटलं, "भाव पटला न्हाई."

बायको सोडून कुणाला पत्ता नाही. पोरीलासुद्धा नाही.

पण एक भानगड मला ठाऊक नव्हती. मला वाटलं होतं, एकदा दवाखान्यानं घरी सोडलं की सुटलो. तर या दवाखान्यात नवीच सोय! पेशंट घरी गेल्यावर रोज फोन करून चौकशी करायची. फोन करणार एक तरणं पोरगं. आवाज असा गोड की ऐकणाऱ्याला वाटावं पोरगं पास झालंय म्हणून पेढे वाटायलंय. आणि विचारतं काय?

"नमस्कार काका, दवाखान्यातून ब्रदर बोलतोय. आज संडास झाली का?"

मी त्या वेळी कुठं? नेकनूरच्या बाजारात! मंडपाची सुपारी द्यायला आलेली माणसं चारी बाजूंनी उभी. शिवाय माझ्या फोनचा आवाज असा, की पलीकडचा बोलला तर शेजारच्यानं उत्तर द्यावं. म्हणून तो कानात घुसेल इतका दाबून धरला.

"मंडप? झाला की! सकाळीच झाला," मी म्हणालो.

"काका, संडास विचारतोय."

"तेच सांगायलोय. झाला उभा. जरा जोर लावावा लागला, पण झाला."

"रक्त गेलं का?"

"लाल न्हाई, सगळ्या पांढऱ्याच पाठवल्या."

पोरगं पुन्हा त्याच गोड आवाजात म्हणालं, "बरं काका, एक ते दहामध्ये दुखणं किती?"

"शून्य!"

"काका, एकपासून सुरू होतं."

"मग एकाच्या अलीकडं लिव बे!"

असं रोज. कोमट पाण्याच्या टबात बसता का? बसतो. तिखट बंद आहे का? बंद हाय. इसबगोल घेता का? घेतो. सगळं खोटं! घरात टब एकच, त्यात माझी पोरगी शिवकन्या कपडे भिजवते. तिला काय सांगू, की टबातले कपडे काढ, आता तुझा बाप भिजायचा आहे?

शेवटी मी त्याच्यावर खेकसलोच. "अबे, तुला दुसरा धंदा न्हाई का? सकाळ झाली की लोकाच्या संडासाची चौकशी! तुझ्या आईबापाला म्हाईत हाय का तू काय काम करतूस ते?" तर पोरगं म्हणतं, "त्यांना माहीत आहे काका. काळजी घ्या, उद्या करतो." राग म्हणून नाहीच! मी त्याचा नंबर फोनमध्ये 'पीडा' नावानं ठेवून दिला.

आणि नेमक्या याच दिवसांत माझा मेहुणा बालाजी शिवकन्येला स्थळ घेऊन आला. मुलगा परळीचा. बापाचा राखेच्या विटांचा धंदा. मुलगा बीडला कुठल्याशा दवाखान्यात नोकरीला. आता बीडमध्ये दर दोन दुकानांमागं एक दवाखाना, त्यामुळं कुठला हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

आता एक गोष्ट सांगतो, तिच्यात हसण्यासारखं काही नाही. शिवकन्येच्या आधीच्या दोन सोयरिकी मोडल्या होत्या, आणि दोन्ही माझ्या तोंडानं मोडल्या. एका पोराच्या बापाला मी म्हणालो होतो, "तुमच्या पोरापरीस माझा मंडपाचा बांबू बरा, निदान सरळ उभा तरी ऱ्हातो." दुसऱ्या वेळी काय बोललो ते बायको आजही सांगू देत नाही. शिवकन्या दोन्ही वेळा काही बोलली नाही. पण या परळीच्या मुलाचा फोटो तिला आवडला होता. आदल्या दिवशी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाबा, एवढं मोडू नका." ही पोरगी कधी काही मागत नाही हो.

बायकोनं तर दमच दिला. "उद्या पाव्हण्यांसमोर तोंड उघडायचं न्हाई. नुसतं हसायचं. अन् हसलं तरी दात दाखवायचे न्हाईत."

दुसऱ्या दिवशी जीप आली. अंगणात मी मंडप टाकलेला, कोऱ्या लाल खुर्च्या मांडलेल्या. पाहुण्या बायका आत गेल्या, गडीमाणसं मंडपात आली. मुलाचा बाप जाडजूड, अंगावर पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं. मुलगा खाली मान घालून उभा.

"बसा, बसा," मी म्हणालो.

"तुमी बसा आधी," बाप म्हणाला.

"छे, छे, तुमी पाव्हणे."

"अवो, घरधनी उभा असताना आमी कसं बसावं?"

आता आली का पंचाईत? टाके ओले. बसलो तर ओरडणार, नाही बसलो तर पाहुणे बसणार नाहीत. आणि आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे, घरधनी उभा राहिला की त्याचा अर्थ एकच, 'आटपा अन् निघा!' एवढ्या कोऱ्या खुर्च्या मोकळ्या आणि माणसं सगळी उभी. एसटीची वाट बघत थांबल्यासारखी.

मुलाच्या बापाचा चेहरा उतरला. "काय मालक, आमचं येणं रुचलं न्हाई का?"

बालाजी माझ्याकडं डोळे वटारून बघायला लागला. आत दाराच्या फटीतून शिवकन्या दिसली मला. तिसरं स्थळ, आणि या खेपेला तोंड न उघडताच मोडायला लागलेलं! आणि मग माझ्या तोंडातून जे निघालं ते कुठून निघालं, देवालाच ठाऊक.

"नवस हाय!"

"कसला नवस?"

"पोरीची सोयरीक जमंस्तोवर बूड टेकणार न्हाई, असं बोललोय. लिंबागणेशच्या गणपतीला."

बघा माझी अक्कल! तो देव स्वतः मांडी घालून सुखात बसलेला, आणि त्याच्या नावावर मी उभा!

पण काय सांगू, मुलाच्या बापानं उपरणं डोळ्यांना लावलं. "असा बाप म्या आजवर बघितला न्हाई," तो म्हणाला. "लोक पोरीसाठी देवाला नारळ बोलतेत. ह्या माणसानं सोताचे पाय बोलले!" आणि पाहुणे सगळे बसले. मी सुटलो असं मला वाटलं. अहो, कसला सुटतोय!

बालाजीच्या पोटात तीळ भिजत नाही. तो चहाच्या निमित्तानं बाहेर गेला आणि गावभर सांगून आला. थोड्या वेळात मंडपात हीऽऽ गर्दी! खुर्ची भाड्यानं देणाऱ्यानं बसणं सोडलं म्हटल्यावर बघायला कोण येणार नाही? शेजारची गयाबाई आली ती थेट माझ्या पायांवर पडली. "आमच्या नातीचंबी कुठं जमंना, मालक. तिच्यासाठीबी उभं ऱ्हावा." म्हणजे आता गावातल्या पोरी उजवेपर्यंत मी बसायचंच नाही का? कुणी कपाळाला बुक्का लावला. कुणी नारळ माझ्या पायाशी फोडला, त्याचं पाणी पायजम्यावर उडालं.

गर्दीत रमेश टेलरही आला. मला आधी वरून खाली बघितलं. मग खालून वर बघितलं. मग मधेच नजर थांबवली. आणि तडक घराकडं निघून गेला.

मी गपकन वळून पाठ मंडपाच्या खांबाला लावली.

इकडं मुला-मुलीला बोलायला दोन खुर्च्या अंगणाच्या कडेला टाकून दिल्या. ती दोघं काहीतरी बोलली, हसलीही. पण परत आल्यावर ते पोरगं सारखं माझ्याकडंच बघतंय! मी इकडं सरकलो की इकडं, तिकडं सरकलो की तिकडं. तोंडातून शब्द नाही. अर्थात, पोरगी बघायला आलेलं पोरगं बोलतं का कुठं? त्याचा बाप बोलतो.

पंगत बसली. बायकोनं येसराची आमटी केलेली. आमची येसर म्हणजे नुसत्या वासानं कपाळाला घाम! बालाजीनं भरून वाटी माझ्या हातात दिली. "दाजी, नवसाला उभ्यानं खाल्लेलं चालतंय. घ्या."

वाटी ओठाशी नेली आणि खिशात फोन वाजला. बघतो तर, पीडा!

आता इथं बोलावं तर सगळी पंगत ऐकणार. वाटी तशीच हातात धरून मी तडक निघालो आणि गोदामाच्या पत्र्याच्या भिंतीमागं जाऊन फोन घेतला. सकाळपासून तोंड मिटून मिटून जबडा दुखायला लागला होता. सगळं एकदम बाहेर पडलं.

"अबे पीडा, आज तरी सोड की मला! घरी पोरीला बघायला पाव्हणे आलेत. उभा राहून राहून पायाचे बांबू झालेत अन् तू कावून मधेच बोंबलायलास?"

"काका, फक्त एवढंच सांगायचं होतं…"

"तू ऐक आधी! पोराचा बाप निस्ता रडका. डोळे पुसून पुसून उपरणं भिजवलं त्यानं. अन् पोरगं? पोरगं म्हणावं का बुजगावणं! तोंडात जीभ हाय का न्हाई तेच कळंना. सारखं माझ्याकडंच बघायलंय. अरे, पोरीकडं बघ की! माझ्याकडं काय हाय बघायला?"

"तुमचं चालणं बघतोय, काका."

मी फोन कानाला आणखी घट्ट लावला.

"काय म्हणलास?"

"टाके ओढले गेलेत तुमचे. आणि ती येसर पिऊ नका. वाटी अजून हातात आहे तुमच्या."

मी वाटीकडं बघितलं. वाटी हातात होती. मग एक चमत्कार माझ्या ध्यानात आला. पीडेचा प्रत्येक शब्द मला दोनदा ऐकू येत होता. एकदा कानातून आणि एकदा पत्र्याच्या पलीकडून.

मान लांब करून पत्र्याच्या कोपऱ्यावरून बघितलं. बुजगावणं कानाला फोन लावून उभं!

गेलं! तिसरंही गेलं, आणि या खेपेला तर मी नवऱ्या मुलाला फोनवरून शिव्या दिल्या. बरं, फोनसुद्धा त्याचाच! डोळ्यांसमोर शिवकन्येचा चेहरा आला. 'बाबा, एवढं मोडू नका.' वाटी सांभाळत मी तसेच हात जोडले.

"बाबा रे, माझ्या तोंडाचा राग पोरीवर काढू नको. तिचा काही गुन्हा न्हाई. माझं तोंडच नासकं हाय."

पोरगं फोन खिशात टाकत म्हणालं, "तुमचं स्थळ आमच्याकडं आधीच आलं होतं, त्यामुळं मला पहिल्याच दिवशी नाव-गाव बघून कळलं होतं तुमी कोण ते. म्हणून तर बाकीच्यांना म्हणलं, ह्या पेशंटला मीच फोन करीन. म्हणलं, बघावं तरी, सासरा किती शिव्या देतोय."

"अन् तरी आलास?"

"आलो. अन् मगाशी शिवकन्येनंबी सांगितलं तुमचं. ती म्हणली, माझ्या बाबांचं तोंड सोडून बाकी सगळं पसंत असलं तरच हो म्हणा." मग जरा लाजून म्हणालं, "मी हो म्हणायलोय, मामा. ती वाटी द्या इकडं."

मामा! मघापर्यंत काका होतो, आता मामा! सासऱ्याला मामा म्हणतात हे का तुम्हाला सांगायला पाहिजे? मला तर रडूच आलं हो. ते पोरगं मला एकदम बुजगावण्याचं राजबिंडं दिसायला लागलं. माझ्या हातातली येसर त्यानं घेतली, एका दमात पिऊन टाकली, आणि डोळ्यांत पाणी घेऊन मंडपात गेलं. लोकांना वाटलं, पोरगंही बापासारखंच हळवं आहे.

पसंती झाली! सुपारी फुटली. बायकांनी साखर वाटली. आत शिवकन्या हसायला लागली होती, तिची आई तिला उगीच रागावत होती. माझं काळीज सुपाएवढं झालं. मनात म्हटलं, देवा गणराया, खोट्या नवसालाही तू पावलास! आता जीप एकदाची जाऊ दे, मी घरात जाऊन पालथा पडतो.

तेवढ्यात बालाजी ओरडला, "नवस फिटला! दाजी, बसा!"

कसं सुचलं नाही मला? सोयरीक जमेपर्यंत बसणार नाही म्हणालो होतो. सोयरीक तर जमली! आता मला बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि ते अख्ख्या गावासमोर.

"बसतो की, सावकाशीनं बसतो…" मी म्हणायला लागलो.

"सावकाशीनं कसं? देवाचं काम हाय!" मुलाचा बाप म्हणाला. "पाट आणा!"

पाट आला. सागवानी पाट. भोवती रांगोळी काढली. गोदामात एवढ्या गुबगुबीत राजाराणी खुर्च्या पडलेल्या, पण नवस फेडायला पाटच लागतो म्हणे! बायका औक्षणाचं ताट घेऊन उभ्या. गयाबाईनं तर डोळे मिटून हात जोडले.

गर्दीतून माझा होणारा जावई पुढं आला. चेहरा काळजीनं काळवंडलेला. "मामांना खाली काहीतरी मऊ द्या," तो म्हणाला. "लई वेळ उभे हायत."

आणि बोलायचीच खोटी, माणसं बाजूला झाली आणि रमेश टेलर पुढं आला. बगलेत तीच छोटी गादी. मघाशी तो घराकडं गेला होता तो ती आणायलाच! माझ्यासमोर धरून हळूच म्हणाला, "घ्या, मालक. लई कामाची हाय."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता हो. खरंच नव्हता. मी नुसती गादी घ्यायची, खाली ठेवायची आणि बसायचं. किती सोपं! पण माझ्या डोळ्यांसमोर हॉटेलवरची मंडळी आली. उद्या कुणीतरी हाक मारणार, 'या, दुसरे गादीपती!'

मी छाती पुढं काढली. "नवसाला गादी चालत न्हाई!"

आणि दाणकन बसलो.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी जी आरोळी ठोकली तिनं लिंबावरचे कावळे उडाले आणि दावणीची म्हैस दावं तोडून पळाली, एवढं लोक सांगतात. डोळ्यांतून धारा लागल्या. मुलाचा बाप माझ्या गळ्यात पडून रडायला लागला. "पोरीच्या बापाचं काळीज हाय बाबा! लगीन अजून लांब हाय, अन् ह्यांनी आत्ताच हंबरडा फोडला!" मग शिवकन्या रडली, बायका रडल्या, बालाजी रडला. उठायची तर सोयच नाही. पाच सुवासिनी रांगेत उभ्या राहून ओवाळत होत्या, आणि एकीलाही घाई नव्हती.

तशात खिशात फोन वाजला. बघितलं तर, पीडा.

मान वर केली. पलीकडं खांबाला टेकून जावई उभा. कानाला फोन, चेहरा अगदी सरळ.

"नमस्कार मामा, दवाखान्यातून बोलतोय," तोच पेढ्याचा आवाज. "एक ते दहामध्ये दुखणं किती?"

"अकरा लिवा, जावईबापू," मी हुंदका गिळून म्हणालो. "अन् आपल्या रमेशरावांना म्हणावं, जरा गादी घेऊन या."